फोनवर वाजतं, गाडीत वाजत नाही: गाण्यांच्या फाइलींचा तोच तोच घोळ

"पेनड्राइव्हमधली निम्मी गाणी गाडीत लागतच नाहीत. कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवू?" हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येत राहतो. कधी गाडीच्या जागी नवा फोन असतो, कधी टीव्ही, कधी कपाटातून बाहेर काढलेला जुना प्लेअर. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा एखादा कन्व्हर्टर आधीच डाउनलोड केलेला असतो आणि त्याला फक्त "सगळं एमपी३ करून टाक" एवढंच ऐकायचं असतं. तसं केलं की गाणी लागतातही. दोन-तीन वर्षांनी यंत्र बदलतं आणि माणूस पुन्हा दारात हजर.

मीही यातूनच गेलोय. पहिल्या प्लेअरमध्ये जागा बेताची, म्हणून सगळ्या सीड्यांचे १२८ केबीपीएसचे (सेकंदाला इतके किलोबिट, यालाच बिटरेट म्हणतात) एमपी३ केले आणि आता यांची काय गरज म्हणून सीड्या वाटून टाकल्या. पुढच्या यंत्रासाठी त्याच एमपी३ वरून एएसी या दुसऱ्या फॉरमॅटच्या फाइली केल्या. त्याच्या पुढच्यासाठी परत एमपी३, आणि या खेपेला मोठ्या हुशारीने ३२० केबीपीएस निवडलं, क्वालिटी चांगली हवी म्हणून! फाइली अडीचपट फुगल्या आणि झांज वाजली की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज यायला लागला. सीड्या काही परत मिळाल्या नाहीत.

चूक कुठलाही एक फॉरमॅट निवडण्यात नव्हती. जपून ठेवायची फाइल आणि वाजवायची फाइल एकच ठेवली, तिथे गाडं अडलं. हे खाली परत येईलच. आधी आत्ता जे गाणं लागत नाहीये त्याचं बघू.

फाइलच्या पोटात काय आहे?

नावाच्या शेवटचं एक्सटेन्शन बघून फॉरमॅट ठरवू नका. ते फक्त डब्यावरचं लेबल असतं. एम४ए नावाच्या फाइलीत एएसी असू शकतं, जे लॉसी (आवाजातलं काही टाकून देणारं) आहे, किंवा एएलएसी असू शकतं, जे लॉसलेस (काहीही न टाकणारं) आहे. एकाच एक्सटेन्शनच्या दोन फाइलींपैकी एक गाडीत वाजते, दुसरी नाही, याचं कारण अनेकदा हेच असतं. ऑगचंही तसंच, आत व्हॉर्बिस असेल, ऑपस असेल (दोन्ही लॉसी), क्वचित फ्लॅकसुद्धा (लॉसलेस). म्हणजे डबा, ज्याला कंटेनर म्हणतात, तो वेगळा आणि आतला माल, म्हणजे कोडेक, वेगळा. यंत्राला दोन्ही कळावे लागतात. आणि एक्सटेन्शन हाताने बदलून एम४ए चं एमपी३ होत नाही. सांगावं लागू नये, पण दर वर्षी कुणी ना कुणी ते केलेलं सापडतंच.

आत काय आहे ते बघायला मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. व्हीएलसीमध्ये गाणं लावून टूल्समधली कोडेक इन्फर्मेशन उघडली तरी चालेल. चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: कोडेक, बिटरेट, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं) आणि बिट डेप्थ (प्रत्येक मोजमाप किती बिटचं). वाजणाऱ्या एका फाइलचे चार आकडे आणि न वाजणाऱ्या एका फाइलचे चार आकडे शेजारी मांडले की अर्ध्या केसेस तिथेच सुटतात.

गाणं लागतच नाही

मी नेहमी एका चाचणीपासून सुरुवात करतो. एक एमपी३ फाइल घ्यायची: १९२ केबीपीएस, स्थिर बिटरेट, ४४.१ किलोहर्ट्झ, नाव साधं रोमन अक्षरांतलं आणि छोटं, आत कव्हरचं चित्र नाही. एफएटी३२ (पेनड्राइव्हवर फाइली मांडायची एक पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ती एकटीच, कुठल्याही फोल्डरमध्ये न घालता ठेवायची. एवढंही वाजलं नाही तर दोष पेनड्राइव्हचा, पोर्टचा किंवा यंत्राचा. फॉरमॅटच्या मागे लागण्यात अर्थ नाही. वाजलं, तर एकेक गोष्ट वाढवत जायची. फोल्डर, मग देवनागरी नाव, मग कव्हर, मग दुसरा कोडेक. ज्या पायरीला अडेल ते कारण. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाणं वाजेल कदाचित, पण का वाजलं ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

या चाचणीत बहुतेक वेळा जे सापडतं ते असं. एक, पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला असतो आणि गाडीतल्या स्टिरिओला एफएटी३२ च समजतं. दोन, फाइल फ्लॅकच आहे, स्टिरिओ फ्लॅक वाजवतोही, पण ही फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची असते आणि त्याची झेप ४८ पर्यंतच. मग "फ्लॅक चालत नाही" असा बोभाटा होतो. खरं तर त्याच फाइलची १६ बिट, ४४.१ ची फ्लॅक प्रत काढली की ती मुकाट वाजते. तीन, कव्हरचं चित्र. तीन हजार बाय तीन हजार पिक्सेलचं चित्र प्रत्येक गाण्यात कोंबलेलं असलं की छोट्या यंत्रांचा जीव जातो, आणि प्रोग्रेसिव्ह जेपेग तर अनेकांना उघडताच येत नाही. पाचशे बाय पाचशे, साधं जेपेग, एवढं बास.

मॅकवरून पेनड्राइव्ह भरणाऱ्यांची एक खास तक्रार असते: प्रत्येक गाण्याच्या जोडीला एक न वाजणारं भूत दिसतं आणि स्टिरिओ तिथे काही सेकंद अडकतो. टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या या बारक्या फाइली मॅक स्वतःच तयार करतो. एफएटी३२ वर जास्तीची माहिती ठेवायला जागा नसते, म्हणून ती वेगळी मांडून ठेवतो. त्यांचा गाण्याशी संबंध नाही. कॉपी झाल्यावर टर्मिनलमध्ये 'डॉट क्लीन' (dot_clean) नावाची कमांड चालवून त्या उडवता येतात, किंवा दुसऱ्या एखाद्या कंप्युटरवर लपलेल्या फाइली दाखवायला सांगून हाताने पुसता येतात.

फोनचं त्या मानाने सोपं आहे. अँड्रॉइड ३.१ पासून फ्लॅक वाजवतं आणि ५.० पासून ऑपस. विंडोज १० मध्ये फ्लॅकची सोय मुळातच आहे. आयफोनवर २०१७ च्या आयओएस ११ पासून फ्लॅक 'फाइल्स' या अ‍ॅपमध्ये वाजते, पण अ‍ॅपलच्या म्युझिक अ‍ॅपच्या लायब्ररीत ती घालता येत नाही. तिथे एएलएसी लागतं. ही अडवणूक मला आजवर पटलेली नाही, पण नुकसान काही होत नाही. फ्लॅकचं एएलएसी आणि एएलएसीचं फ्लॅक कितीही वेळा करा, आतला आवाज बिटगणिक तोच राहतो.

वाजतं, पण धड वाजत नाही

गाण्याची लांबी चुकीची दिसते, चार मिनिटांचं गाणं अकरा मिनिटांचं दाखवतं, पुढे सरकवलं की भलतीकडेच उडी मारतं: हे बदलत्या बिटरेटच्या, म्हणजे व्हीबीआर एमपी३ चं लक्षण. अशा फाइलीच्या सुरुवातीला एकूण फ्रेम (आवाजाचे छोटे तुकडे) किती हे सांगणारा एक छोटा हेडर असावा लागतो. तो नसला की प्लेअर पहिल्या फ्रेमचा बिटरेट धरून अंदाज बांधतो आणि तोंडावर आपटतो. फाइल परत एन्कोड करू नका, म्हणजे नव्याने एमपी३ बनवू नका. फूबार२००० या प्लेअरमध्ये व्हीबीआर एमपी३ चा हेडर दुरुस्त करायची सोय आहे, आवाजाला हातही लागत नाही.

सलग वाजणाऱ्या मैफिलीत दोन ट्रॅकच्या मध्ये गचका बसतो. एमपी३ ची फ्रेम १,१५२ सॅम्पलची असते, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झवर साधारण २६ मिलिसेकंद. गाणं काही फ्रेमच्या मापात संपत नाही, म्हणून शेवटी कोरी जागा भरली जाते, आणि एन्कोडर सुरुवातीलाही थोडी शांतता घालतो. लेम हा एन्कोडर किती जागा भरली याची नोंद फाइलीत करून ठेवतो. प्लेअरने ती वाचली तर गचका जातो. तुमचा प्लेअर वाचत नसेल तर दोन वाटा: त्या मैफिलीपुरतं फ्लॅक वापरा, किंवा सगळे ट्रॅक जोडून एकच लांब फाइल करा. मी दुसरी वाट धरतो. मध्ये उडी मारून ऐकण्यासारखं ते नसतंच.

एक गाणं कानठळ्या बसवतं आणि पुढचं ऐकूच येत नाही, याचा फॉरमॅटशी संबंध नाही, तरी दोष त्यालाच मिळतो. रीप्लेगेन हा त्यावरचा उपाय: गाणं किती दणदणीत आहे ते मोजून आकडा टॅगमध्ये (फाइलीतल्या गाण्याच्या माहितीच्या नोंदीत) लिहायचा, प्लेअर तेवढा आवाज कमी-जास्त करतो. गाड्यांतले बरेच स्टिरिओ हा टॅग बघतच नाहीत. त्यांच्यासाठी एमपी३गेन आहे. ते टॅगच्या भरवशावर न राहता प्रत्येक फ्रेममधला गेनचा आकडाच बदलतं, १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी. परत एन्कोडिंग नाही आणि पुन्हा पूर्ववत करता येतं. डोकेबाज युक्ती.

गाण्यांचा क्रम बिघडतो तेव्हा दोन शक्यता. '१, १०, ११, २' असा क्रम दिसला तर नावात शून्य घाला, ०१, ०२. अगदीच कसाही दिसला तर स्टिरिओ नावं न बघता पेनड्राइव्हच्या यादीत फाइली ज्या क्रमाने नोंदल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतोय. फोल्डर पुसून फाइली एकामागून एक, क्रमाने कॉपी करायच्या.

देवनागरी नावांची दुर्दशा

आपल्याला यावर थोडं थांबावं लागेल, कारण इंग्रजीत लिहिलेल्या मदतीत हे सापडत नाही. स्क्रीनवर काय दिसतं त्यावरून कारण ओळखता येतं.

चौकोनी डबे दिसत असतील तर टॅग बरोबर आहे, यंत्रात देवनागरी फॉन्ट नाही. अक्षरं आहेत पण वेलांट्या चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं सुटी, तर फॉन्ट आहे पण अक्षरजुळणी येत नाही. या दोन्हींवर फाइलीत करण्यासारखं काही नाही. त्या यंत्रासाठीच्या प्रतींमध्ये रोमन नावं लिहा आणि मोकळे व्हा.

पण डोक्यावर टोप्या घातलेली परदेशी रोमन अक्षरं आणि चिन्हांची रांग दिसत असेल, तर ते दुरुस्त होतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. यंत्राने ते पश्चिम युरोपी अक्षरं समजून वाचलं की एकाची तीन चिन्हं होतात. आयडी३ या एमपी३ च्या टॅग-पद्धतीच्या २.३ आवृत्तीत, जी जुन्या यंत्रांना सगळ्यात चांगली समजते, मजकूर यूटीएफ-१६ मध्ये लिहायचा असतो. यूटीएफ-८ ची अधिकृत सोय २.४ मध्ये आली. तेव्हा एमपी३टॅग या टॅग बदलायच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन आयडी३ २.३, यूटीएफ-१६ निवडा, सगळ्या फाइली सिलेक्ट करा आणि टॅग पुन्हा सेव्ह करा. मात्र एमपी३टॅगमध्येच नाव टोप्यांचं दिसत असेल तर चुकीची अक्षरं टॅगमध्येच पक्की बसलेली आहेत, ती पुन्हा टाइप करावी लागतील. आयडी३ ची पहिली आवृत्ती फाइलीच्या शेवटच्या १२८ बाइटमध्ये असते आणि तिच्यात गाण्याच्या नावाला जागा फक्त ३० बाइटची. दहा चिन्हांत मराठी नाव ते कसलं बसणार? ती काढूनच टाका, काही यंत्रं नेमकी तीच आधी वाचतात.

फ्लॅकमध्ये ही डोकेदुखी नाही. त्याचे टॅग पहिल्यापासून यूटीएफ-८ च. वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या आवाजाच्या फाइलीत, उलट टॅगची एकच ठरलेली पद्धत नसल्यामुळे एका सॉफ्टवेअरने लिहिलेलं दुसऱ्याला दिसेलच असं नाही.

आवाजच खराब येतोय

इथे दोन वेगळे आजार असतात. पहिला माझावाला. लॉसी फॉरमॅट आवाजातलं जे कानाला जाणवणार नाही असं त्याला वाटतं ते टाकून देतो. त्या उरलेल्यावरून दुसरा लॉसी फॉरमॅट बनवला की तो आपल्या हिशेबाने आणखी टाकतो, आणि पहिल्याने मागे ठेवलेला कचराही इमानाने जपतो. झांज, टाळ्या, पाऊस अशा आवाजांत ते आधी उघडं पडतं. बिटरेट वाढवून गेलेलं परत येत नाही. १२८ चं ३२० करणं म्हणजे झेरॉक्सची मोठ्या कागदावर झेरॉक्स.

दुसरा आजार खोट्या फ्लॅकचा. कुणीतरी एमपी३ चं फ्लॅक केलेलं असतं, फाइल जाडजूड, आवाज एमपी३ चाच. स्पेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकली की वारंवारतेचं चित्र दिसतं. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मधून आलेल्या फाइलीत साधारण १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी सरळ रेषा दिसते. पण घाईने कुणाला खोटं ठरवू नका. जुन्या ध्वनिमुद्रणांत वरचा आवाज मुळातच नसतो, तिथे चित्र हळूहळू विरत जातं. कापलेलं आणि विरलेलं यातला फरक चार फाइली बघितल्या की डोळ्यांत बसतो. ३२० च्या एमपी३ चा काप २० किलोहर्ट्झच्या आसपास असतो, तो ओळखणं अवघड.

आणि ब्लूटूथ हेडफोनवर फ्लॅक आणि एमपी३ मध्ये फरक जाणवत नाही म्हणून नाराज असाल तर साहजिक आहे. ब्लूटूथवर जाताना आवाज पुन्हा लॉसी पद्धतीने दाबला जातो. सगळ्या यंत्रांना सक्तीचा असलेला एसबीसी कोडेक नेहमीच्या वरच्या सेटिंगला ३२८ केबीपीएसच्या आसपास चालतो. तारेने ऐकून बघा, मग मत बनवा. तारेनेही फरक नाही कळला तर त्यात कमीपणा काही नाही. चांगल्या एन्कोडरचा २५६ केबीपीएसचा एएसी मलाही बहुतेक गाण्यांत ओळखता येत नाही.

मग ठेवायचं कशात?

जपायच्या प्रतीसाठी माझं उत्तर फ्लॅक, आणि सगळा संसार अ‍ॅपलचा असेल तर एएलएसी. वेव्ह नको.

लोक म्हणतात वेव्हच खरं, कारण त्यात काही दाबलेलंच नाही. सीडीचा आवाज १,४११ केबीपीएस, म्हणजे तासाला सुमारे ६३५ एमबी. फ्लॅक तोच आवाज बहुधा अर्ध्या ते पाऊण जागेत बसवतो आणि उघडल्यावर बिटगणिक मूळ देतो, झिप केलेल्या फाइलीसारखा. एक टीबीच्या डिस्कवर असे दोन हजारांवर तास मावतात. पण मी फ्लॅककडे वळलो ते जागेसाठी नाही. फ्लॅक तयार होताना मूळ आवाजाचा एमडी५ हा ठसा सहसा आत नोंदवला जातो. दहा वर्षांनी डिस्कवरची फाइल कुजली आहे का हे फ्लॅकच्या टेस्टमधून नेमकं कळतं. वेव्हमध्ये असा ठसा नाही. चार बिट बदलले तर कुठेतरी टक् असा आवाज येईल आणि तो मुळातलाच होता का हे कोण सांगणार? शिवाय साध्या वेव्ह फाइलीला ४ जीबीची मर्यादा आहे. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर दोन तासांच्या थोडंसं पुढे गेलात की ती गाठली.

फ्लॅकमधले ० ते ८ हे आकडे क्वालिटीचे नाहीत, दाबायला किती वेळ घ्यायचा याचे आहेत. मूळचा ५ ठेवा. सॅम्पल रेट जो मुळात आहे तोच ठेवायचा, सीडीला ९६ किलोहर्ट्झ करून काही हाती लागत नाही. कॅसेटवरून उतरवत असाल तर २४ बिट घ्या, म्हणजे लेव्हल थोडी खाली ठेवून निर्धास्तपणे रेकॉर्ड करता येतं.

वाजवायच्या प्रती यंत्र बघून. काहीही माहीत नसलेल्या यंत्राला एमपी३, लेमच्या व्ही० किंवा व्ही२ सेटिंगवर. व्ही२ सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास जातो आणि गाडीतल्या घरघरीत तो पुरून उरतो. पेटंटचा परवाना देण्याचा कार्यक्रम २०१७ मध्ये बंद झाल्यापासून एमपी३ ला ती आडकाठीही नाही. फोनमध्ये जागा कमी असेल तर १२८ केबीपीएसचा ऑपस, तासाला ५८ एमबी. तेवढ्याच बिटरेटच्या एमपी३ पेक्षा तो स्पष्टपणे सरस आहे.

ज्यांच्याकडे काही गाण्यांचे फक्त एमपी३ च उरलेत, माझ्यासारखे, त्यांनी ते आहेत तसेच ठेवायचे. फ्लॅकमध्ये नेऊन फायदा नाही. त्यांच्यासाठी तीच मूळ प्रत. एखाद्या यंत्राला ते चालत नसतील तर त्या यंत्रापुरती वेगळी प्रत काढा आणि मूळ एमपी३ पुसू नका.

माझ्या डिस्कवर आता 'मूळ' आणि 'प्रती' असे दोन फोल्डर आहेत. टॅग दुरुस्त करायचे ते 'मूळ'मध्येच. 'प्रती'च्या आत गाडी, फोन अशी यंत्रांची नावं, आणि तिथलं काहीही कधीही पुसायची मुभा, कारण फूबार२००० रात्रभर लावून ठेवलं की सगळं पुन्हा तयार होतं. प्रवास एकाच दिशेचा, 'प्रती'मधून 'मूळ'मध्ये काहीही जात नाही. 'मूळ'चा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, आणि वर्षातून एकदा दोन्ही डिस्कवर फ्लॅकची टेस्ट. मागच्या वेळी एका डिस्कवर तीन फाइली नापास झाल्या. दुसरीवरच्या त्याच तीन पास होत्या, त्या उचलून इकडे टाकल्या.